मावशी आहेत की, मग सिस्टर कशाला?

घरातल्या कर्त्या माणसाला पक्षाघाताचा झटका येतो. मोठ्या रुग्णालयात दहा-बारा दिवस जातात, जीव वाचतो आणि डॉक्टर सांगतात, "आमचं काम झालं. आता घरी न्या, नाहीतर एखाद्या रिहॅब सेंटरला ठेवा." सेंटरचं दरपत्रक हातात पडतं, त्यात नर्सिंगचा वेगळा आकार दिसतो आणि नात्यातलं कोणीतरी विचारतंच, "सलाईन नाही, ऑक्सिजन नाही, इंजेक्शनंही संपली. आता आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची. त्याला मावशी आहेत की. मग सिस्टर कशाला?"

हाच प्रश्न पलीकडच्या बाजूनं नर्सिंगच्या मुलीही विचारतात. आयसीयूत, ऑपरेशन थिएटरात काम करायचं स्वप्न असतं, आणि नोकरी निघते वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात. "डायपर बदलायला चार वर्षं शिकलो का?" हे वाक्य वसतिगृहात हमखास ऐकू येतं. नातेवाइकाला पैसे वाया जातायत असं वाटतं, मुलीला शिक्षण. दोघांची समजूत एकच आहे: माणूस अंथरुणाला खिळला की वैद्यकशास्त्र संपतं आणि उरते ती नुसती सेवा. ही समजूत किती खरी आहे ते या प्रकरणात पाहू.

१. दोन प्रकारचं काम

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. पुनर्वसन केंद्रात, म्हणजे रिहॅबमध्ये, माणूस काहीतरी परत मिळवायला येतो. मणक्याला इजा झालेला, पक्षाघात झालेला, खुब्याचं हाड मोडलेला, पाय कापावा लागलेला. तिथं उद्दिष्ट ठरतं आणि मुदतही ठरते: सहा आठवड्यांत पलंगावरून खुर्चीत आपलं आपण बसता आलं पाहिजे. दीर्घकालीन शुश्रूषेत अशी मुदत नसते. स्मृतिभ्रंश, बळावलेला कंपवात, अतिवृद्धापकाळ यांतून माणूस पूर्वीसारखा होणार नसतो. तिथं काम असतं ते आहे ती ताकद टिकवण्याचं, दुखणं कमी ठेवण्याचं आणि दिवस सुसह्य करण्याचं.

प्रत्यक्षात दोन्ही कामं एकाच आवारात चालू शकतात. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला इजा झालेले सैनिक तिथं येतात. काही जण चाकाची खुर्ची चालवायला शिकून गावी परततात, तर काहींचं ते कायमचं घर होतं. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय शारीरिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ पासून काम करते आहे. म्हणजे हे क्षेत्र आपल्याकडे नवीन नाही. समाजाचं त्याकडे लक्ष गेलेलं नाही, एवढंच.

२. कूस बदलण्याचं शास्त्र

आता सगळ्यात 'सोप्या' कामाकडे वळू. अंगठ्याच्या नखावर दाब द्या. नख पांढरं पडतं, कारण दाबानं रक्त बाजूला सरतं. बोट सोडलं की पुन्हा गुलाबी होतं. पाठीवर पडून राहिलेल्या माणसाच्या माकडहाडावर आणि टाचांवर हेच होत असतं, फक्त दाब सुटत नाही. तुम्हीआम्ही झोपेतही नकळत वळत असतो. ज्याला वळताच येत नाही, किंवा दाबाची जाणीवच होत नाही, त्याच्या कातडीखालचा मांसल भाग रक्ताविना मरायला लागतो.

हे मरणं बहुतेकदा आतून, हाडाजवळून सुरू होतं. वरून एवढासा डाग दिसणारा आंबा कापावा आणि कोयीपर्यंत नासलेला निघावा, तसं. म्हणून अनुभवी सिस्टर लालसर डाग दिसला की त्यावर बोट दाबून पाहते. डाग पांढरा पडून परत लाल झाला, तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला, तर इजा झालेली आहे. काळ्यासावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, तिथं हाताला लागणारा गरमपणा आणि कडकपणा ओळखावा लागतो. आपल्याकडच्या नर्सला हे पाठ्यपुस्तकातल्या गोऱ्या चित्रांपेक्षा जास्त उपयोगाचं.

घरोघरी प्रेमापोटी जे केलं जातं, त्यातलं बरंच उलटं असतं. लाल झालेल्या जागी पावडर लावून चोळतात. आत आधीच दुखावलेला भाग त्यानं आणखी फाटतो. खाली हवेची गोल रिंग ठेवतात. रिंगेच्या कडेनं दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी तुटतो. पाठीशी उशांवर उशा रचून माणसाला उंच बसवतात. तो हळूहळू खाली घसरतो, कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढं सरकतं. या ओढाताणीनं बारीक रक्तवाहिन्या पिळल्या जातात. योग्य पद्धत अगदी साधी आहे: पलंगाचं डोकं शक्यतो तीस अंशांच्या वर नको, टाचेखाली उशी नको तर पोटरीखाली हवी म्हणजे टाच अधांतरी राहते, आणि ठरल्या वेळी कूस बदलायची. कोणाला किती धोका आहे हे मोजायला बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन अमेरिकन परिचारिकांनी बनवलेली ब्रेडन मोजपट्टी जगभर वापरतात. तिच्यात गुण जितके कमी, तितका धोका जास्त.

या कूस बदलण्यानं इतिहास घडवला आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी मणक्याला इजा झालेला सैनिक जगेल अशी आशा फारशी कोणी धरत नसे. कण्याच्या जखमेनं तो मरत नसे. त्याला मारत ते शय्याव्रण आणि लघवीचा जंतुसंसर्ग. नाझी जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेले ज्यू मेंदूविकारतज्ज्ञ लुडविग गुटमान यांच्याकडे १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल इथला मणक्याच्या रुग्णांचा विभाग सोपवला गेला. त्यांनी नवं औषध शोधलं नाही. दिवसरात्र दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलली गेलीच पाहिजे, असा दंडक घातला आणि तो पाळला जातो की नाही हे बघायला ते स्वतः रात्री वॉर्डात फिरत. माणसं जगायला लागली. जगली म्हणून कंटाळली, आणि कंटाळली म्हणून गुटमाननी त्यांना खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, रुग्णालयाच्या आवारात सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा झाली. पॅरालिंपिकचं मूळ तिथं आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं, ते याच परंपरेत. पदकाचे फोटो सगळ्यांना माहीत असतात. रात्री दोन आणि चार वाजता कूस बदलणाऱ्यांचे फोटो कोणी काढत नाही.

३. हात मागे ठेवायला शिकणं

रुग्णालयातली सिस्टर रुग्णासाठी सगळं करते. रिहॅबमधल्या सिस्टरला सर्वांत अवघड धडा मिळतो तो काही न करण्याचा.

उजवी बाजू लुळी पडलेले एक आजोबा शर्ट घालतायत असं समजा. मावशींनी घातला तर दोन मिनिटं. आजोबांनी घातला तर वीस. सिस्टर शेजारी उभी राहते, हात मागे बांधून. शर्ट मांडीवर उताणा पसरायला सांगते. "आधी अधू हात बाहीत, काका. डाव्या हातानं बाही वर ओढा. आणखी वर, खांद्यापर्यंत. आता चांगला हात." काढताना क्रम उलटा: चांगला हात आधी, अधू हात शेवटी. हा क्रम चुकला की शर्ट अडकतो, आजोबा चिडतात आणि दुसऱ्या दिवशी प्रयत्नच सोडतात. तेवढ्यात भेटायला आलेली सून म्हणते, "अहो सिस्टर, बघत काय राहिलात? मदत करा की!" तिला शांतपणे समजावणं हेही कामातच धरलेलं आहे.

याच आजोबांना उठवताना मुलगा लुळा हात धरून ओढतो. त्या खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा निखळतो आणि पुढचे कित्येक महिने व्यायाम दुखण्यात जातात. जेवताना पाण्याचा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो. ठसका लागला तर निदान कळतं तरी, पण पक्षाघातानंतर काहींना ठसकाही लागत नाही आणि काही दिवसांनी न्यूमोनियाचा ताप येतो. म्हणून पहिला घास देण्याआधी गिळण्याची चाचणी, ताठ बसवणं, हनुवटी किंचित खाली, जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं न करणं. भरवणं हे काम मावशी करू शकतात, करतातही. कोणाला काय, किती घट्ट आणि कसं भरवायचं, हे ठरवायला आणि ते तसंच होतंय ना हे पाहायला शिकलेला डोळा लागतो.

प्रगती मोजायला बार्थेल निर्देशांक नावाची शंभर गुणांची पट्टी आहे, १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेली. खाणं, आंघोळ, दाढी-केस, कपडे, शौच, लघवी, संडासचा वापर, पलंग-खुर्ची अदलाबदल, चालणं आणि जिना अशा दहा गोष्टी. आपल्या आजोबांचे दाखल झाल्या दिवशीचे गुण पाहा: खाणं ५, कपडे ५, शौचावर ताबा १०, लघवीवर ५, पलंग-खुर्ची ५, बाकी सगळं शून्य. बेरीज ३०. सहा आठवड्यांनी: खाणं १०, दाढी-केस ५, कपडे ५, शौच १०, लघवी १०, संडास ५, पलंग-खुर्ची १०, आधारानं चालणं १०, आंघोळ आणि जिना अजून शून्य. बेरीज ६५. घरच्यांना दिसतं की आजोबा अजून जिना चढत नाहीत. सिस्टरला दिसतं की आता त्यांना उचलून खुर्चीत ठेवायला दोन माणसं लागत नाहीत, एकाचा हात पुरतो. म्हणजे त्यांना घरी नेता येईल, आणि नोकरी करणाऱ्या मुलाला नोकरी सोडावी लागणार नाही. कपड्यांचा गुण मात्र सहा आठवड्यांत हललेला नाही, हेही बघा. वीस मिनिटांचा तो शर्ट अजून शिकायचाच आहे.

४. रात्री अकराची डोकेदुखी

एवढं वाचूनही कोणाला वाटेल की हे सगळं मावशींना नीट शिकवलं तर जमेल. बरंचसं जमेल, खरंच जमेल. पण हे उदाहरण पाहा.

मानेच्या मणक्याला इजा झालेला अठ्ठावीस वर्षांचा तरुण. रात्री अकरा वाजता तो म्हणतो, "सिस्टर, डोकं फुटतंय." चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, पण छातीखालचं अंग कोरडं आणि गार. कोणीही काय करेल? आडवं पडायला सांगेल आणि डोकेदुखीची गोळी देईल. रक्तदाब पाहिला तर १४० भरतो, म्हणजे नेहमीच्या माणसाच्या मानानं फार काही नाही.

इथं दोन्ही उपाय घातक आहेत. मणक्याच्या वरच्या भागात, साधारण छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा झालेल्या माणसाचा वरचा रक्तदाब बऱ्याचदा ९० ते १०० असतो. त्याच्यासाठी १४० हा धोक्याचा आकडा आहे. शरीराच्या खालच्या भागात काहीतरी बिनसलेलं असतं, बहुधा मूत्राशय तुडुंब भरलेलं. त्याची तक्रार मेंदूपर्यंत पोचत नाही, पण मज्जारज्जू आपल्या पातळीवर रक्तवाहिन्या आवळतो. रक्तदाब चढतो. मेंदू त्या सैल करायचा हुकूम देतो, तो इजेच्या जागी अडतो. असाच चढत राहिला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

शिकलेली सिस्टर त्याला आडवं करत नाही, ताठ बसवते आणि पाय खाली सोडते. पोटाचा पट्टा, नाडी, मोजे सैल करते. मग लघवीच्या नळीवरून हात फिरवत जाते. नळी मांडीखाली दुमडलेली सापडते. ती सरळ होते, पिशवीत लघवी उतरते आणि काही मिनिटांत चेहऱ्याची लाली ओसरते. नळीत दोष नसेल तर पुढचा संशय बद्धकोष्ठावर. डॉक्टरांना फोन तोवर गेलेलाच असतो, पण फोनवरचा डॉक्टर नळी सरळ करू शकत नाही. रात्रपाळीला शिकलेली सिस्टर का हवी, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

५. ज्यांना घरी जायचं नाही

दीर्घकालीन शुश्रूषेत अशी नाट्यं कमी घडतात. तिथली कौशल्यं बारीक आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या एखाद्या आजी संध्याकाळ झाली की पदर खोचून दाराशी जातात. "पोरं शाळेतून येतील, मला घरी जाऊ दे." तुम्ही ऐंशी वर्षांच्या आहात, पोरं अमेरिकेत आहेत, असं पटवत बसलं की भांडण पेटतं. जाणती सिस्टर विचारते, "आल्यावर खायला काय देता हो त्यांना?" आजी थालीपिठाबद्दल बोलू लागतात, बोलता बोलता खुर्चीत बसतात. हा प्रसंग रोज येतो आणि रोज नव्यानं हाताळावा लागतो.

मात्र एक फरक जीवनमरणाचा आहे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. काल बरी बोलणारी आजी आज अचानक कोणाला ओळखेना, झोपाळली किंवा बडबडायला लागली, तर तो म्हातारचळ नव्हे. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, पोट साफ नसणं किंवा नुकतीच सुरू केलेली एखादी गोळी हे बहुधा कारण असतं, आणि उपचारानं ते उतरू शकतं. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. कालची आजी कशी होती हे माहीत असतं ते सिस्टरलाच. "वय झालं" या दोन शब्दांनी आपल्याकडे किती बरे होणारे आजार झाकले जातात, ते विचारू नका. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. रात्री गोंधळ नको म्हणून गोळी, गोळीनं तोल जातो, पडल्यावर खुबा मोडतो. आणि पडू नये म्हणून हात पलंगाला बांधणाऱ्या केंद्रात आपलं माणूस ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

६. शिक्षण, पगार आणि परदेश

वाट तीन प्रकारांनी सुरू होते: दोन वर्षांची एएनएम, तीन वर्षांची जीएनएम आणि चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग. शिक्षण पुरं झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते, ती नसेल तर कोणालाही नर्स म्हणून काम करता येत नाही. पुढं अस्थिविकार व पुनर्वसन परिचर्या किंवा वृद्धांची परिचर्या यांतली एक वर्षाची विशेष पदविका करता येते. सध्या तिच्याकडे फार कमी मुली वळतात. माझ्या मते ही चूक आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते, आणि तेव्हापासून ही संख्या वाढतेच आहे.

पगाराचं चित्र विषम आहे. एम्ससारख्या केंद्रीय संस्थेत नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं. खासगी केंद्रांसाठी, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस आहे, सक्ती नाही, आणि ती पाळली जात नाही याच्या तक्रारी संघटना आजही करतात. याचं कारण कामाच्या स्वरूपातच आहे. न झालेला व्रण, न आलेला न्यूमोनिया, न मोडलेला खुबा यांचं बिल कोणी लावत नाही. जोडीला पाठीचं दुखणं. माणूस उचलताना सरकचादर किंवा उचलयंत्र न देणाऱ्या केंद्रात काही वर्षांत सिस्टरच रुग्ण होते.

म्हणून अनेकींची नजर परदेशाकडे असते. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून शुश्रूषेचा विमा सक्तीचा आहे, म्हणजे या कामाला पैसा देणारी व्यवस्था आहे आणि माणसं कमी आहेत. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचर्याही आहे. पण जाण्याआधी दोन गोष्टी समजून घ्या. जर्मनीत आपल्या पदवीला मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून, कमी पगारावर काम करावं लागतं, आणि मान्यतेसाठी साधारण बी-२ पातळीची जर्मन भाषा लागते. जपानमध्ये 'काइगो' म्हणून मिळणारी नोकरी शुश्रूषा सेवकाची असते, नर्सची नव्हे. तिथं नर्स व्हायचं तर जपानी भाषेतली राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. आणखी एक. या देशांत आंघोळ घालणं, भरवणं, स्वच्छता हे सगळं नर्सच करते. तिथं हाताखाली मावशी नसतात आणि डबा घेऊन बसलेले नातेवाईकही नसतात. हे आधी न कळल्यानं पहिल्या महिन्यात रडणाऱ्या मुली कमी नाहीत.

परदेशी नोकरी लावून देणारा एजंट भेटला तर त्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक मागा आणि ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. करारात पदाचं नाव नर्स आहे की सहायक, ते सही करण्याआधी वाचा. आणि वडिलांसाठी केंद्र शोधणाऱ्यांनी बागेचे फोटो पाहण्यात वेळ घालवू नये. रात्रपाळीला नोंदणीकृत नर्स किती आहेत ते विचारावं आणि पलंगाला लावलेला कूस बदलण्याचा तक्ता मागून पाहावा. तक्ता नसेल, किंवा आठवड्याभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं सलग भरलेल्या दिसल्या, तर दुसरं केंद्र बघावं.